माणूस ऑन द वे आहे

...नाही, तुम्हीच सांगा मला, लिफ्टच्या कंपनीत तक्रारीच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढलेला माणूस, तो स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये, स्वतःच्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकतो, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दुधाची पिशवी, आणि तो स्वतःच्याच टेबलावर फोन लावतो, जो फोन सव्वीस वर्षं त्यानेच उचललाय, आणि पलीकडून बोलतात स्टोअरच्या बाई, ज्यांना त्यानेच आदल्या दिवशी समोर बसवून शिकवलंय की बाई, उद्या माझी रजा, फोन आला तर घाबरायचं नाही, असं असं बोलायचं, आणि त्या बाई अगदी त्याच्याच सुरात, त्याच्याच मऊ आवाजात त्याला सांगतात, "काळजी करू नका हं, माणूस ऑन द वे आहे."

हसताय तुम्ही. हसा. मीही हसलो असतो, दुसरं कोणी अडकलं असतं तर.

म्हटलं, "बाई, मी बोलतोय." तर म्हणतात, "हो भाऊ, आवाज ओळखला की." म्हटलं, "मग?" "मग काय, माणूस ऑन द वे आहे." अहो म्हटलं, कोण माणूस, कुठून निघालाय, किती वेळात पोचेल? तर पलीकडे कागद चाळल्याचा आवाज, आणि मग बाई हळूच, "भाऊ, ते तिन्ही सांगायचं नाही असं तुम्हीच काल लिहून दिलंय." आणि ठेवला फोन. आता बोला. शिकवायला जावं तर माणसं खरंच शिकतात.

तुम्हाला सांगतो, मी काही इंग्रजीचा पंडित नाही. शाळेत इंग्रजीच्या तासाला माझं सगळं लक्ष घंटेकडे. पण ऑन, द आणि वे, या तीन शब्दांचा वाक्यात उपयोग कसा करावा, यावर मला कुणी उभं केलं ना, तर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलेन आणि मध्ये पाणीसुद्धा मागणार नाही. लोकांना वाटतं, ऑन द वे म्हणजे माणूस वाटेत आहे. चूक. ऑन द वे म्हणजे फोन ठेवा आता. आमच्याकडे दोनशे दहा लिफ्ट आणि मेकॅनिक चार, त्यातला एक कायम आजारी, एक कायम त्याला बघायला गेलेला, तर अशा वेळी समोरचा माणूस ओरडतोय, आमच्या सासूबाई अडकल्यात, आमचा फ्रिज अडकलाय, तर त्याला काय सांगणार तुम्ही? मेकॅनिक कॅन्टीनमध्ये बसलाय? त्याच्या पुढ्यात चहा आहे आणि तो बशीत ओतून फुंकतोय? हे खरं आहे, पण खरं सांगून कुणाचं भलं झालंय लिफ्टच्या धंद्यात? मग आपण म्हणायचं, माणूस ऑन द वे आहे. कोण ते सांगायचं नाही, नाव कळलं की लोक नाव घेऊन शिव्या देतात. कुठून ते सांगायचं नाही, लोक अंतर मोजतात. आणि किती वेळ ते तर मुळीच नाही. वाक्य तिथेच तोडायचं आणि आवाज खाली आणायचा. मी सांगतो तुम्हाला, तेवढ्यावर माणूस शांत होतो, चाळीस मिनिटं गप बसतो. कुणीतरी आपल्याकडे यायला निघालंय, एवढंच ऐकायचं असतं हो त्याला.

आणि आमचा एक नंबरचा मेकॅनिक म्हणजे तुफान. तुफान हे त्याचं नाव नव्हे, त्याची चाल बघून पडलेलं नाव. हा माणूस जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतो, कुणाच्या तरी दारात पाणी मागतो, त्या घरातल्या माणसांची चौकशी करतो, मग पुढच्या मजल्याकडे बघून एक उसासा टाकतो. काम मात्र सोन्यासारखं. एकदा त्याने हात लावला की ती लिफ्ट वर्षभर कुरकुरत नाही. पण हात लागेपर्यंत अडकलेल्या माणसाची दाढी वाढते.

आता तुम्ही म्हणाल, अडकलात तर अडकलात, तासभर उभे राहा, एवढं काय? तेच तर सांगतोय. त्या दिवशी माझी पोरगी यायची होती.

माझी मुलगी मोठमोठ्या कारखान्यांत मशीन बसवून देणाऱ्या कंपनीत आहे. आज या गावात, उद्या त्या. तिचा मला फोन येतो, नाही असं नाही, आठवड्यातून दोनदा येतो, पण कधी येतो? "बाबा, ऑन द वे टू साइट, म्हटलं बोलावं." "बाबा, ऑन द वे टू एअरपोर्ट, कसे आहात?" "बाबा, ऑन द वे टू हॉटेल, जेवलात का?" आणि मी हूं हूं करत गुडघ्याबद्दल सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच, "चला बाबा, पोचले, ठेवते." तीन वर्षं. तीन वर्षांत ती मला एकदाही पोचल्यावर बोललेली नाही. कुठून तरी कुठे तरी जाताना मधे जे लागतं, तिथे मी आहे. रागावत नाही मी, बरं का. रागावू कशावर, तिच्या तोंडचं वाक्य माझ्याच टेबलावरचं आहे. पण कधीतरी वाटायचं हो, की या पोरीच्या ऑन द वेच्या पुढे एकदा तरी आपलं घर यावं.

पूर्वी असं नव्हतं. हिची आई होती तोवर फोन आईला यायचा. तासतासभर. मी शेजारच्या खुर्चीत, पेपर उघडा, कान फोनकडे. शेवटी आमची ही म्हणायची, "बाबांशी बोल," आणि फोन माझ्या हातात. "कसे आहात?" "बरा आहे. तू?" "बरी." "ठेवू?" "ठेव." की संपलं. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलता येतच नाही. समोरासमोर तर त्याहून नाही. ही मधे बसून माझं तिला सांगायची आणि तिचं मला, आणि आम्हाला दोघांना वाटायचं की आपण बोलतोय. मग ही गेली, चार वर्षं झाली, आणि आमच्या मधली खुर्चीच रिकामी झाली.

आणि ती गेली त्या दिवसाचं माझ्या पोटात एक होतं. चार वर्षं होतं. ते मला पोरीला सांगायचं होतं, फोनवर नाही, समोर बसवून. तुम्हाला सांगतो, आता लपवून काय करू.

सकाळी हिला दवाखान्यात नेलं. चालत गेली होती ती, छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाली म्हणून. डॉक्टर म्हणाले, तपासण्या करू, ठेवून घेऊ. दहा वाजले असतील, ही कॉटवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "पोरीला कळवलंत का हो?" मी कळवलं नव्हतं. म्हटलं तपासण्या होऊ देत, उगाच लांबच्या गावी पोरीच्या जिवाला घोर कशाला, आठ तासांचा रस्ता तिचा. पण हिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आवाज आपोआप खाली आला, "हो तर. ऑन द वे आहे ती." बघा. बायकोला. तक्रार नोंदवल्यासारखं बायकोला सांगून मोकळा झालो मी. ती शांत झाली, मान हलवली, आणि दिवसभर दरवाज्याकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी दोनला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं तेव्हा मी पोरीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मी ऑन द वे आहे." मी मनात म्हटलं, झालं, ही माझ्याच वळणावर गेली. सहाला ही गेली. पोरगी साडेसहाला दारात उभी राहिली. अर्धा तास. मी दहालाच खरं बोललो असतो तर मायलेकींची गाठ पडली असती, हे मला चार वर्षं रोज आठवत होतं, आणि तिला मी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटत होतं की ती उशिरा पोचली. आणि मी वाटू देत होतो.

तर त्या दिवशी तिचा मेसेज आला. अक्षरशः तीन ओळी. बाबा, दोन गावांच्या मधे तीन तास मिळतायत. घरी येतेय. ऑन द वे. मी चष्मा पुसून परत वाचला. म्हटलं, आज सांगायचं. रजा काढली, घर झाडलं, शर्टाला इस्त्री केली, ती यायला अर्धा तास होता तर लक्षात आलं की दूध नाही, खाली उतरलो, दूध घेतलं, गुडघा म्हणाला लिफ्टने चल, बसलो लिफ्टमध्ये. आणि तिसऱ्याच्या वर एक धक्का बसून लिफ्ट थांबली. पुढचं सांगितलंच तुम्हाला. माणूस ऑन द वे आहे.

आमची लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दरवाज्याची. चौथ्या मजल्याची फरशी आली होती बरोबर माझ्या हनुवटीला, वर हातभर फट, त्या फटीतून, दोन जाळ्यांपलीकडे, मला माझ्याच घराचा उंबरा दिसत होता. पायपुसणं दिसत होतं. दार काही दिसत नव्हतं. आणि मी दूध धरून उभा. वीस मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली, बॅगेची चाकं पायऱ्यांवर आपटत होती, आणि तीन वर्षांनी माझी मुलगी माझ्यासमोर आली, म्हणजे तिचे बूट आले. धुळकट बूट, एकाची नाडी सुटलेली. ते बूट आमच्या दारापाशी थांबले, बेल वाजवली, परत वाजवली. मी म्हटलं, "अगं, इकडे." बूट वळले. "बाबा? कुठे आहात?" म्हटलं, "खाली बघ."

ती वाकली. एक क्षण चेहरा दिसला तिचा. वाळलीय, आणि कानापाशी केस पांढरे झालेत, माझ्या मुलीचे. आणि ती हसायला लागली. आईसारखी हसते हो ती, सुरुवातीला आवाज नाही आणि मग एकदम. "बाबा, तुमचीच लिफ्ट ना ही?" म्हटलं, "माझीच." "मग फोन केला?" म्हटलं, "केला. माणूस ऑन द वे आहे." त्यावर ती जी काही हसलीय, तिला खालीच बसावं लागलं, फरशीवर, भिंतीला टेकून.

मी जाळीतून किल्ली दिली, दूध दिलं. पिशवी चौकोनातून निघताना दाबावी लागली, पण निघाली. तिने आत जाऊन चहा केला, दोन पेले घेऊन आली, आणि पेला काही जाळीतून जाईना. आडवा करून बघितला, अर्धा चहा माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. मग तिने तो पेला तिच्या बाजूला माझ्या नाकासमोर ठेवला. "वास घ्या," म्हणाली. घेतला.

आता लिफ्टमध्ये एक स्टूल होतं, पूर्वी लिफ्टमन असायचा त्याचं. गुडघा दुखायला लागला म्हणून मी त्यावर बसलो, आणि बसल्यावर मला ती दिसेनाशी झाली. माझ्यासमोर भिंत, कच्ची, सिमेंटचे ओघळ आलेली, आणि वरून तिचा आवाज. आणि तुम्हाला सांगतो, काय झालं कुणास ठाऊक, आम्ही बोलायला लागलो. बापलेक. तिला मी दिसत नव्हतो, मला ती दिसत नव्हती, तोंडाकडे बघून गप्प बसायची सोयच नव्हती. ती म्हणाली, हॉटेलच्या खोलीत शिरलं की पहिल्यांदा ती खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघते, नाहीतर सकाळी कळत नाही की कुठल्या गावात उठलोय. मी म्हटलं, मी अजून कॉटच्या एकाच बाजूला झोपतो. ती म्हणाली, बाबा, मधे एकाला हो म्हणणार होते, मग नाही म्हटलं. मी म्हटलं, का गं? आणि तिने सांगितलं का ते. सगळं सांगितलं. मी तिला आयुष्यात असा प्रश्न विचारलेला नव्हता, विचारायची वेळ आली की मी म्हणायचो, आईला सांग. मी तिला गुडघ्याचं सांगितलं, पूर्ण सांगितलं, दोन्ही गुडघ्यांचं. ती ऐकत होती हो. कुठे पोचायचं नव्हतं तिला, पोचली होती.

तेवढ्यात खालून सेक्रेटरी वर आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे भला माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा. "अहो, मला आत्ता कळलं. गच्चीवरच्या मशीनरूमची किल्ली आहे माझ्याकडे. तुमच्या कंपनीनेच दाखवलंय ना, ब्रेक सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं? दोन मिनिटांचं काम, मी जातो." आणि खरंच दोन मिनिटांचं काम आहे. मी स्वतः फोनवरून कितीतरी लोकांकडून करून घेतलंय ते. मी स्टुलावरून उठलो, हनुवटी फरशीला लावली, त्या माणसाच्या चपलांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हटलं, "नको हो सेक्रेटरी. नियमात बसत नाही. माणूस ऑन द वे आहे."

"असं म्हणता? मग ठीक," म्हणून ते शांतपणे खाली गेले. सांगितलं ना, वाक्य खात्रीचं आहे.

पोरगी वर होतीच. तिला कळलं असणार. कारखान्यात यंत्रं उभी करणारी पोर ती, ब्रेक आणि चाक तिला काय नवीन आहे? सेक्रेटरींच्या हातातली किल्ली तिलाही घेता आली असती. नाही घेतली. फक्त म्हणाली, "बाबा, तो मेकॅनिक साधारण किती वेळात येतो?" म्हटलं, "तुफान असेल तर चिंता नको."

तरी मनात धाकधूक. हळूच फोन काढला, बाईंना लावला, तोंडावर हात धरून विचारलं, "बाई, तुफान निघाला का?" "माणूस ऑन द वे आहे." म्हटलं, "म्हणजे कॅन्टीनमध्ये आहे ना?" बाई चाचरल्या. "भाऊ, ते सांगायचं..." म्हटलं, "सांगा हो, नियम माझाच आहे, मी मोडतो." तर म्हणाल्या, "अं... चहा आलाय त्याच्या पुढ्यात." काय बरं वाटलं मला, तुम्हाला काय सांगू. म्हटलं, "पिऊ द्या त्याला. दुसरा मागवा. घाई अजिबात नाही म्हणावं." बाई म्हणाल्या, "बरं भाऊ," पण त्यांचा आवाज एकदम रडवेला झाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

स्टुलावर बसलो. भिंतीकडे बघितलं. म्हटलं, आता. आता नाही तर बोलायचं नाव नको.

"अगं ऐक," म्हटलं, "आई गेली त्या दिवशी तू उशिरा आली नव्हतीस." म्हटलं, "सकाळी दहाला तिने मला विचारलं, पोरीला कळवलं का, तर मी म्हटलं, ती ऑन द वे आहे. आणि मी तुला कळवलंच नव्हतं. दोन वाजता कळवलं. चार तास ती दाराकडे बघत होती आणि तू निघालेलीच नव्हतीस, माझ्यामुळे. तू नाही चुकलीस, मी चुकलो. मी तिला तक्रारवाल्यासारखं फसवलं." एवढं बोलून माझ्या घशाला कोरड पडली, आणि चहा जाळीपलीकडे.

वर पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मला माहीत होतं."

म्हटलं, "काय माहीत होतं?"

"बाबा," म्हणाली, "आठ तासांचा रस्ता. तुम्ही फोन केलात दोनला. मी आले साडेसहाला. कसं जमलं?"

आता बघा. सव्वीस वर्षं माझं काम काय, तर कुठून निघालं की कुठे किती वाजता पोचेल. चार मेकॅनिक, दोनशे दहा लिफ्ट, सगळे रस्ते डोक्यात. आणि हे गणित मी चार वर्षांत एकदाही मांडलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या मांडलं. साडेसहातून आठ वजा केले. साडेदहा.

"साडेदहाला आईचा फोन आला होता मला," पोरगी म्हणाली. "नर्सच्या मोबाइलवरून. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. म्हणाली, अगं, तुझे बाबा मला सांगतायत तू ऑन द वे आहेस, म्हणजे तुला अजून काहीच कळवलेलं दिसत नाही. तेव्हा तू आपली नीघ. आणि त्यांना सांगू नकोस मी फोन केला म्हणून, त्यांना उगाच ओशाळल्यासारखं होईल."

तीस वर्षं संसार केला तिने माझ्याशी. घरात नळवाला यायचा असो की पाहुणे, मी ऑन द वे म्हटलं की ती सावकाश उठून स्वतः फोन लावायची. तिने ते वाक्य माझ्या तोंडून ऐकलं, मान हलवली, मला वाटलं फसली, आणि मी पाठ फिरवल्याबरोबर नर्सला म्हणाली, जरा फोन देता का. आणि दुपारी दोनला माझी पोरगी मला म्हणाली ना, बाबा मी ऑन द वे आहे, ती खरंच होती. अर्ध्या रस्त्यात होती. आयुष्यभर मी हे वाक्य इतक्यांदा बोललो, इतक्यांदा ऐकलं, त्यातलं खरं तेवढं एकच, आणि तेच मी खोटं धरून बसलो होतो. आणि ही दिवसभर दाराकडे तोंड करून पडली होती, ती फसून नव्हे. तिला माहीत होतं पोर कुठपर्यंत आली असेल ते.

मी रडलो. सांगायला लाज कसली, लिफ्टमध्ये होतो, कोण बघतंय. वर तीही नाक ओढत होती. मग जाळीतून तिची बोटं आत आली, खाली, माझ्या डोक्याच्या दिशेला, पोचत नव्हती, मी उठून उभा राहिलो तेव्हा पोचली. कपाळाला लागली. चहाने गरम झालेली बोटं.

म्हटलं, "आणखी काय म्हणाली गं? शब्दन्‌शब्द सांग. फोनवर आणखी काय म्हणाली आई?"

"आणखी," ती म्हणाली, "आणखी तुमच्याबद्दल एक म्हणाली. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणाली, की..."

आणि गच्चीवर धाडकन दार आपटलं. वरून हाक. "भाऊ, हात आत घ्या, आलो मी." तुफान.

तुफान, हो. ज्याला चार मजले चढायला पाऊण तास लागतो, तो तुफान. झालं काय, मी बाईंना म्हटलं ना, घाई नाही, चहा पिऊ द्या, तर त्या बाई कॅन्टीनमध्ये धावत गेल्या आणि म्हणाल्या, भाऊ आत अडकलेत आणि वेड्यासारखं बोलतायत, तक्रार करत नाहीयेत, त्यांना नक्की काहीतरी होतंय. तर हा चहा टाकून उठला. भरलेला पेला टाकून. रिक्षा केली, खाली सेक्रेटरींकडून किल्ली घेतली, जिना धावत चढला, आम्ही रडत होतो तेव्हा आमच्या शेजारून वर गेला ते कळलंही नाही, कुणाच्या दारात पाणी मागितलं नाही. माझ्यावर जीव आहे हो त्याचा. पोरीने जाळीतून हात काढून घेतला, केबिन हलली, तिचे गुडघे दिसले, हात दिसले, मग चेहरा, आणि लिफ्ट अगदी अलगद चौथ्याच्या फरशीला येऊन टेकली. दार उघडलं. आम्ही समोरासमोर.

"कसे आहात?" ती म्हणाली.

"बरा आहे. तू?"

"बरी."

दीड तास उरला होता तिचा. घरात आलो, पंखा लावला. मी शर्ट बदलला. ती म्हणाली, भिंतीला रंग दिलात का, मी म्हटलं नाही, पूर्वीचाच आहे. चहा परत केला. मी धीर करून विचारलं, "मघाशी आईचं काय सांगत होतीस?" तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, तिने पेल्यात बघितलं. म्हणाली, "काही नाही हो. असंच. सांगेन कधीतरी." आणि मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणतोय मी. समोर तोंड दिसत होतं ना तिचं.

निघताना तिची बॅग घेऊन आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. मी बटण दाबलं. चौथा गेला, फरशीची कड हनुवटीला आली, ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, दोघं श्वास धरून उभे. लिफ्ट सरळ खाली. तिसरा, दुसरा, पहिला. एक धक्का नाही, कुरकुर नाही. बावीस सेकंदांत तळाला. सांगितलं ना, तुफानचं काम सोन्यासारखं असतं.

तिला गाडीत बसवून परत आलो तर तुफान पायरीवर बसून माझी वाट बघत होता, कामाची पावती घेऊन. आमच्यात पद्धत आहे, काम झालं की ग्राहकाची सही आणि शेरा घ्यायचा. सव्वीस वर्षांत त्या रकान्यात मी एकच शेरा वाचत आलोय, माणूस फार उशिरा आला. तुफान घामाने भिजलेला, म्हणतो, "भाऊ, तुम्हीच लिहा काय ते." मला इतका राग आला होता, इतका, की मी पेन घेतलं आणि दाबून, कागद फाटेल असं लिहिलं, माणूस फार लवकर आला. खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर टाळ्या. कंपनीच्या जन्मात असा शेरा आला नव्हता म्हणून मोठ्या साहेबांनी त्याची फ्रेम केली आणि माझ्या टेबलाच्या बरोबर वर भिंतीवर ठोकली. बाई पेढे वाटल्यासारख्या सगळ्यांना सांगत फिरतायत, तुफान तर हल्ली धावतच असतो. आता रोज त्या फ्रेमखाली बसून मी फोन उचलतो, आणि येणारा जाणारा ती वाचून माझ्या पाठीवर थाप मारतो. कुणाकुणाला सांगू हो, की ती तक्रार आहे.